कर्नाळ्याची सहल : वेळेचं गणित उलटं मांडूया!



पाचवी ते सातवीच्या मुलांना कालमापनाची उदाहरणं आपण घालतोच. "गाडी ७ वाजून २० मिनिटांनी सुटली, ७० मिनिटांनी पोहोचली, तर किती वाजता?" मुलं पटकन ८:३० लिहितात आणि पूर्ण गुण घेतात. पण खरोखरच्या प्रवासात एवढ्यावर भागत नाही. म्हणून हा पाठ वर्गात न संपवता एका दिवसाच्या सहलीवर संपवूया. आपला डोंगर आहे पनवेलजवळचा कर्नाळा. परळ-लालबागहून लोकल आणि एसटीने एका दिवसात जाऊन येता येतं.

आधी थोडी ओळख

मुंबई-गोवा महामार्गाला लागून कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. गडाची वाट त्यातूनच वर चढते. माथ्यावरचा अंगठ्यासारखा सुळका लांबूनही ओळखू येतो. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये हा किल्ला घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत मिळवला. गडाजवळच्या शिरढोण गावात १८४५ साली वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. गिरगावच्या मुलांना मेट्रो सिनेमापाशी असलेला फडक्यांच्या नावाचा चौक माहीत असेलच. त्यांना विचारा, "हे फडके मूळचे कुठले?"

कृती १ : शेवटापासून सुरुवात

आपण सवयीने "सकाळी किती वाजता निघायचं?" असं विचारतो. मुलांना त्याऐवजी विचारा, "घरी किती वाजता पोहोचायचं?" डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जंगलात त्याआधीच अंधारून येतं. समजा, संध्याकाळी ६ ला घरी यायचं ठरलं. आता उलटे मागे जाऊया. आकडे अंदाजे आहेत, तुमच्या गटाप्रमाणे बदला.

- ६:०० घरी. स्टेशनवरून घर २० मिनिटे
- ५:४० शिवडीला उतरणे
- ४:३० पनवेलहून लोकल (७० मिनिटे)
- ४:१५ पनवेल स्टेशनवर हजर
- ३:०० महामार्गावर एसटीची वाट बघणे (थांबणे ३०, बस ३०, रिक्षा १५)
- २:४५ पायथ्याशी. हात-पाय धुणे, मुलं मोजणे
- १:१५ गड सोडणे (उतरायला ९० मिनिटे)
- १२:१५ गडावर. डबा आणि गड पाहणे
- १०:०० चढायला सुरुवात (विश्रांतीसह १३५ मिनिटे)
- ९:४५ प्रवेशद्वार, तिकिटं
- ८:३० पनवेल स्टेशन. पुढे रिक्षा, थांबणे आणि बस मिळून ७५ मिनिटे
- ७:२० शिवडीहून लोकल
- ७:०५ सगळ्यांनी शिवडी स्टेशनवर जमणे

दादरची मुलं कुर्ल्याला हार्बरची गाडी बदलतील, गिरगावची सीएसएमटीला चढतील. त्यांचा तक्ता त्यांनाच करू द्या.

कृती २ : न छापलेली मिनिटं

आता मुलांना बेरीज करायला सांगा. ७:०५ ते ६:०० म्हणजे ६५५ मिनिटे. त्यात लोकल १४०, बस ६०, चढणं-उतरणं २२५, गडावर ६०. बेरीज ४८५. मग उरलेली १७० मिनिटे गेली कुठे?

ती वाट बघण्यात, रिक्षात, तिकिटाच्या रांगेत आणि मुलं मोजण्यात गेली! पनवेलचं स्टेशन आणि एसटी स्टँड लागून नाहीत, आणि लहान थांब्यावर प्रत्येक एसटी थांबत नाही. साधी गाडी बघायची आणि चढण्याआधी कंडक्टरना विचारायचं. हे जवळजवळ तीन तास कुठल्याच वेळापत्रकात छापलेले नसतात. सहल बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

कृती ३ : "जर... तर..."

गटांना प्रश्न वाटून द्या.

१. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असेल तर? (शनिवारी संध्याकाळीच खात्री करायची. ब्लॉक असल्यास दिवस बदला.)
२. एसटी पाऊण तास आलीच नाही तर?
३. १२:१५ झाले आणि गड अजून अर्धा तास लांब असेल तर?

तिसऱ्या प्रश्नावर वर्गात वाद होऊ द्या. काही मुलं म्हणतील, "एवढं आलोय, मग वर जायचंच!" त्यांना तक्त्याकडे परत न्या. वर जाता येईल, पण १:१५ ला गड सोडावाच लागेल, मग डबा खायला अर्धाच तास. आणि १:१५ वाजले तरी वाटेतच असू, तर तिथूनच मागे फिरायचं. ही वेळ सहलीच्या आधी, शांत डोक्याने ठरवून वहीत लिहायची. डोंगरावर दमलेल्या, उत्साही मुलांसमोर मोठ्यांनाही "चला परत" म्हणणं जड जातं. आधी सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असेल तर कुणी हिरमुसत नाही. शिवाय खालच्या जंगलात पक्षी बघत बसणं हीसुद्धा सहलच आहे.

निघण्याआधी

- माणशी दीड-दोन लिटर पाणी आणि पकड असलेले बूट.
- सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा पूर्ण बंद. सुळक्यावर चढायचं नाही.
- कचरा आपल्याच पिशवीत परत आणायचा.
- पावसाळ्यात दगड निसरडे होतात. लहान मुलांसाठी डिसेंबर-जानेवारी बरा.

मूल्यमापन

परत आल्यावर प्रत्येकाने तक्त्यात "खरी वेळ" असा नवा रकाना भरावा. कुठे किती फरक पडला आणि का, हे दोन ओळींत लिहावं. आकडे चुकले म्हणून गुण कापू नका, कारण पुढच्या सहलीचा तक्ता ह्याच फरकांवरून तयार होणार आहे.

पालकांनो, शाळेची सहल नसेल तर घरच्या घरी करून बघा. फक्त एक करा : घड्याळ मुलाच्या हातात द्या आणि "आता निघायला हवं" हे त्यालाच सांगू द्या.