असूया, गर्व आणि कबुली : तीन अभिजात कथांतील व्यक्तिपरिवर्तन

१

मद आणि मत्सर ही षड्रिपूंच्या यादीतील शेवटची जोडी. कथेच्या अध्यापनात या जोडीचा उल्लेख बहुधा तात्पर्यापुरता होतो. पात्राने गर्व केला, त्याचे फळ त्याला मिळाले. पात्राने हेवा केला, त्याचा नाश झाला, असे सूत्र मांडले की विवेचन संपल्यासारखे वाटते. परंतु हे सूत्र बोधकथेला पुरेसे असले तरी लघुकथेला अपुरे आहे. बोधकथेतील पात्र दोषाचे प्रतीक म्हणूनच अवतरते आणि अखेरपर्यंत प्रतीकच राहते. लघुकथेतील पात्र आरंभी सामान्य असते. त्याच्या ठायी जो हेवा किंवा जो अभिमान असतो तो वाचकाच्याही ठायी असतो. असे असता तेच पात्र कथेच्या शेवटी ओळखू न येण्याइतके बदलते कसे, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या उकलीसाठी भारतीय साहित्यशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत. त्यांत असूया आणि गर्व या दोहोंचा समावेश आहे. दुसऱ्याचे ऐश्वर्य, सौभाग्य, विद्या यांच्या दर्शनाने असूया उत्पन्न होते, तर स्वतःचे ऐश्वर्य, कुल, रूप, विद्या, धन यांच्या जाणिवेने गर्व उत्पन्न होतो. दोहोंची कारणे जवळजवळ तीच आहेत. ती कोणाच्या ठिकाणी आहेत एवढाच फरक. म्हणजे हे दोन स्वतंत्र भाव नसून तुलनेच्या एकाच तराजूची ती दोन पारडी आहेत. याच यादीत ‘अवहित्थ’ नावाचा आणखी एक भाव आहे. लज्जा, भय इत्यादी कारणांनी मनातील भावाची बाह्य चिन्हे झाकून टाकणे, हे त्याचे स्वरूप.

व्यभिचारी भाव येतात आणि जातात. स्थिर राहणे हा त्यांचा धर्म नव्हे. एडगर ॲलन पो, गी द मोपासाँ आणि प्रेमचंद यांच्या प्रत्येकी एका कथेच्या आधारे येथे असे प्रतिपादन करावयाचे आहे की, असूया किंवा गर्व यांच्या केवळ उद्भवाने पात्र बदलत नाही. त्या भावातून घडलेली कृती झाकली जाते तेव्हा ते बदलू लागते. झाकण्याची ही क्रियाच जाणाऱ्या भावाला घर करून देते. म्हणूनच या तिन्ही कथांच्या शेवटी कबुलीचा प्रसंग येतो, आणि त्या कबुलीच्या स्वरूपावरून पात्रातील परिवर्तनाची जात ठरते.

२

पो याची ‘द कास्क ऑफ अमोंतिल्लादो’ ही कथा १८४६ साली प्रसिद्ध झाली. निवेदक मॉन्त्रेसॉर हा आपल्या अपमानाचा सूड म्हणून फॉर्च्युनातो या परिचिताला कार्निव्हलच्या संध्याकाळी आपल्या वाड्याखालच्या तळघरात नेतो आणि भिंतीत जिवंत चिणतो. फॉर्च्युनातोने केलेल्या ज्या अगणित आगळिकींचा निवेदक उल्लेख करतो, त्यांतील एकही तो वाचकाला सांगत नाही. त्यामुळे कथेला सूडकथा म्हणणे सोपे असले तरी सूडाचे कारण रिकामेच राहते.

ती रिकामी जागा भरणारा एक धागा मात्र कथेतच आहे. तळघरातील ओलीने फॉर्च्युनातोला खोकला येतो तेव्हा मॉन्त्रेसॉर त्याला परत फिरण्याचा आग्रह करतो. त्या बोलण्यात तो फॉर्च्युनातोची श्रीमंती, त्याला मिळणारा मान आणि प्रेम यांचा उच्चार करतो आणि आपणही एके काळी असेच सुखी होतो, असे सांगून जातो. हे बोलणे सावजाला फसविण्यासाठी आहे. पण फसविण्यासाठी बोललेल्या शब्दांतूनच खरे कारण निसटते. पडत्या घराण्यातील माणसाला चढत्या माणसाविषयी वाटणारी ही असूया आहे. तिच्यावर कुलाभिमानाचे पांघरूण आहे. घराण्याचे मानचिन्ह आणि ब्रीदवाक्य यांचा उल्लेख कथेत येतो तो याच कारणाने. फॉर्च्युनातोचा नाश होतो तोही गर्वानेच. मद्याची पारख आपल्याइतकी कोणाला नाही, ही त्याची खात्री. लुकेसी या दुसऱ्या पारख्याचे नाव घेतले की तो परत फिरण्याचे नाकारतो. एकाची असूया दुसऱ्याच्या गर्वाला आमिष दाखविते आणि दोघेही एकाच तळघरात उतरतात.

निवेदक ही हकीकत पन्नास वर्षांनंतर सांगत आहे. ही कबुली आहे, पण तीत पश्चात्तापाचा शब्द नाही. शेवटचा दगड बसविताना आपले मन विषण्ण झाल्याचे तो सांगतो आणि लगेच त्याचे कारण तळघरातील ओल असल्याचे नोंदवितो. येथे अवहित्थ आपल्या टोकाला पोहोचले आहे. जगापासून कृत्य लपविणारा माणूस अखेर स्वतःच्या मनापासूनही आपला भाव लपवितो. कबुली येते, परंतु तीही कौशल्याच्या प्रदर्शनासारखी येते. पन्नास वर्षांत मॉन्त्रेसॉर बदललेला नाही, असे वरवर दिसते. वस्तुतः ज्या संध्याकाळी त्याने भिंत बांधली त्याच संध्याकाळी तो स्वतःही तिच्या आत राहिला.

३

मोपासाँची ‘ला पार्युर’ ही कथा १८८४ साली प्रसिद्ध झाली. ‘द नेकलेस’ या इंग्रजी नावाने ती आपल्याकडील अभ्यासक्रमांतून परिचित आहे. मातिल्द लुआझेल ही शिक्षण खात्यातील एका कारकुनाची रूपवान पत्नी. तिची एक श्रीमंत मैत्रीण आहे, शाळेपासूनची. तिला भेटून परतले की होणारा मनस्ताप असह्य होतो म्हणून मातिल्दने तिच्याकडे जाणेच सोडले आहे. कथेच्या आरंभी येणारा हा तपशील महत्त्वाचा आहे. मातिल्दला मैत्रिणीचे वाईट व्हावेसे वाटत नाही. तिच्याजवळ उभे राहिले की स्वतःचे उणेपण मोजले जाते, एवढेच तिला सोसत नाही.

खात्याच्या मेजवानीचे निमंत्रण येते. पतीने बंदुकीसाठी साठविलेले चारशे फ्रँक नव्या पोशाखावर खर्च होतात, मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना आणला जातो, आणि एका रात्रीपुरती असूयेची जागा गर्व घेतो. तराजूचे दुसरे पारडे खाली येते. कथेची कलाटणी या विजयाच्या क्षणी नसून त्यानंतरच्या लहानशा हालचालीत आहे. परत निघताना पती तिच्या खांद्यावर रोजच्या वापरातील साधे वस्त्र टाकतो. इतर स्त्रिया उंची फरचे कोट चढवीत आहेत. त्यांच्या नजरेस आपण पडू नये म्हणून ती घाईने जिना उतरून रस्त्यावर येते. त्या रात्री हार हरवतो. तो नेमका कोठे पडला हे लेखक सांगत नाही, पण या घाईची नोंद केल्यावाचून तो पुढे जात नाही.

त्यानंतर अवहित्थाचा प्रवेश होतो. हाराची फासणी मोडली असून ती दुरुस्तीस दिली आहे, असे पत्र पती सांगतो आणि मातिल्द लिहिते. एकीचा गर्व अशा रीतीने दोघांचे गुपित बनतो. छत्तीस हजार फ्रँकचा नवा हार, त्यासाठी वारशाचे अठरा हजार आणि उरलेल्यासाठी कर्ज, मोलकरणीला निरोप, माळ्यावरची खोली आणि दहा वर्षांचे कष्ट हा सर्व पुढचा भाग त्या एका पत्रातून निघतो. हार हरवला, एवढे एक वाक्य मैत्रिणीला सांगितले असते तर तो खोटा असल्याचे उत्तर तत्क्षणी मिळाले असते. ज्याला वाचक शेवटचा धक्का म्हणतात ते सत्य दहा वर्षे एका वाक्याच्या अंतरावर उभे होते.

मातिल्द बदलते का? तिचे शरीर बदलते, आवाज चढा होतो, हात राठ होतात. बाजारात ती एकेका पैशासाठी भांडते. तिच्या ठायी कष्टाळूपणा येतो आणि वचन पाळण्याचा एक प्रकारचा करारीपणाही येतो. कथेला केवळ शिक्षेची कथा मानणाऱ्यांच्या हातून हा पैलू सुटतो. तथापि शाँज़ेलिझेवर मैत्रीण भेटते तेव्हा मातिल्द सर्व हकीकत सांगते ती हलके होण्यासाठी नव्हे. आपण बदली दिलेला हार मैत्रिणीला ओळखता आला नाही, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर उमटतो आणि लेखक त्या आनंदाला भाबडा आणि गर्वयुक्त अशी दोन विशेषणे देतो. दागिन्याचा गर्व गेला, त्यागाचा गर्व आला. विषय बदलला, तराजू तोच राहिला. म्हणून हार खोटा होता हे वाक्य तिची दहा वर्षे जशी वाया घालविते, तसाच तिचा हा दुसरा गर्वही निराधार करते. त्यानंतर मातिल्दचे काय झाले हे मोपासाँ सांगत नाही. कबुली झाली, तिच्यातून माहिती मिळाली. मुक्ती मिळाली नाही.

४

प्रेमचंदांची ‘मुक्तिमार्ग’ ही १९२४ सालची हिंदी कथा या प्रश्नाला निराळे वळण देते. झींगुर हा उसाचा शेतकरी, बुद्धू हा मेंढपाळ. झींगुरला आपल्या डोलत्या उसाचा अभिमान, बुद्धूला आपल्या बारा कोडी, म्हणजे दोनशे चाळीस, मेंढ्यांचा. वस्तुतः शेतकरी आणि मेंढपाळ हे परस्परांवर अवलंबून असतात. शेतात मेंढ्या बसवून खत घेण्याची रीत महाराष्ट्रातील शेतकरी आणि धनगर यांनाही ठाऊक आहे. एका बांधावरून मेंढ्या नेण्याचा प्रसंग म्हणूनच बोलून मिटण्यासारखा होता. परंतु कळप मागे वळविला तर बुद्धूचा मान जातो आणि कळप पुढे जाऊ दिला तर झींगुरचा. झींगुर मेंढ्यांना काठीने झोडपतो.

रागाचा भर ओसरल्यावर गावकऱ्यांच्या सांगण्यावरून झींगुर बुद्धूची समजूत घालण्यासाठी निघतो. धुक्याच्या अंधाऱ्या रात्री तो गावाबाहेर पडतो, तोच त्याला उसाच्या दिशेने ज्वाळा दिसतात. येथे प्रेमचंदांनी दाखवून दिले आहे की झींगुरचा गर्व खरोखरीच संचारी होता. तो ओसरूही लागला होता. आगीने त्याला परत येऊन बसण्यास जागा दिली. आग साऱ्या गावाच्या उसाला लागते. कोणी लावली हे सर्वांना कळते, पण कोणी उघड म्हणत नाही. आणि उलट झींगुरच्याच हट्टाला दोष दिला जातो.

पुढे बुद्धूची भरभराट होते आणि झींगुर मजुरीला लागतो. पारडी फिरतात, गर्वाच्या जागी असूया येते. मॉन्त्रेसॉरप्रमाणेच झींगुरही आता सलोख्याचा मुखवटा चढवितो आणि आपली कालवड बुद्धूच्या मेंढ्यांत ठेवण्याची गळ घालतो. कालवड मरते, गोहत्येचे पातक बुद्धूच्या माथी येते. तीन महिन्यांची भिक्षा, सात तीर्थांची यात्रा, पाचशे ब्राह्मणांना भोजन आणि पाच गाईंचे दान असे प्रायश्चित्त त्याला सांगितले जाते. पोच्या कथेत असूयेचे शस्त्र तळघर आहे, मोपासाँच्या कथेत बाजार आणि सावकार आहेत. येथे धर्मव्यवस्था शस्त्र बनते. प्रायश्चित्त सांगणाऱ्याचाही त्यात लाभ आहे, हे लेखकाचा उपरोध स्पष्ट करतो. एका माणसाची असूया नाश करण्यास पुरी पडत नाही. तिला हाताशी धरणारी रचना समाजात आधीच तयार असावी लागते.

शेवटी शहरात एका धर्मशाळेच्या बांधकामावर दोघेही मजूर म्हणून भेटतात. मिरची आणि मीठ यांच्याशी रोटी खातात, चिलीम ओढतात. आग आपण लावली, असे बुद्धू सांगतो. कालवड आपण बांधली आणि तिला विष घालविले, हे झींगुर सांगतो. दोघेही एकमेकांना हेच उत्तर देतात की, हे ठाऊक होते. मग झोपी जातात. या कबुलीत माहितीचा अंशही नाही. मोपासाँच्या कथेतील कबुलीने अज्ञात सत्य उघड होते आणि मन मोकळे होत नाही. येथे काहीच उघड व्हावयाचे नाही, आणि म्हणूनच मन मोकळे होते. जे सर्व जाणत होते ते झाकण्याचे ओझे केवळ उतरविले जाते.

५

‘मुक्तिमार्ग’च्या या शेवटावर एक आक्षेप संभवतो. दोघेही निर्धन झाल्यामुळे तुलनेला विषयच उरला नाही. मग हे परिवर्तन म्हणावे की केवळ परिस्थिती? आक्षेपात तथ्य आहे, आणि प्रेमचंदांनी ते लपविलेले नाही. मुक्तीचा मार्ग सर्वनाशातून गेला, ही शीर्षकातील कडवट जाणीव आहे. तरीही दारिद्र्य आपोआप मन मोकळे करीत नाही, याचा दाखला मातिल्दच्या रूपाने समोर आहे. दहा वर्षांच्या दारिद्र्याने तिला गर्वाचा नवा विषय दिला. बुद्धू आणि झींगुर यांच्या बाबतीत भेद पडतो तो दोघांनी आपापला अपराध आधी सांगितला यामुळे. मातिल्द आपले कष्ट सांगते, मॉन्त्रेसॉर आपले चातुर्य सांगतो. हे दोघे आपला दोष सांगतात.

तेव्हा या कथा शिकविताना ‘गर्वाचे घर खाली’ एवढ्यावर थांबणे हे कथांवर आणि विद्यार्थ्यांवरही अन्याय करणारे आहे. हेवा आणि अभिमान प्रत्येकाच्या मनात येऊन जातात. ते न येण्याचा उपदेश करणे हे कथेचे कार्य नव्हे. ते जाऊ पाहत असताना माणूस कोणत्या क्षणी त्यांना थांबवून धरतो, हे लघुकथा दाखविते. तो क्षण एका पत्राचा असतो, एका भिंतीचा असतो, कधी समेटासाठी एक रात्र उशिरा पडलेल्या पावलाचा असतो. पात्राचे परिवर्तन शोधावयाचे तर या क्षणापाशी थांबावे लागते. तात्पर्य शेवटी मिळते. पात्र त्याच्या फार आधी हरवलेले असते.