मृत्यूच्या दारातून परतलेले : एक अभ्यास



दर्शन आटोपून संस्थानच्या कार्यालयात येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळजण आपल्या दिवंगत आप्ताच्या नावे अन्नदानाची रक्कम भरतात. पावतीवर 'कै.' असे लिहून पुढे नाव लिहिले जाईपर्यंत ते स्तब्ध उभे असतात. मग एखादी माउली हलक्या आवाजात विचारते, "हे त्यांना पोहोचतं ना हो?" या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो. ज्यांच्यासाठी आपण हे करतो, ते कोठे तरी आहेत काय?

शास्त्रांचे उत्तर आपणांस ठाऊक आहे. अलीकडे मात्र अनेकजण त्याच्या जोडीला आणखी एक पुरावा पुढे करतात. हृदय बंद पडल्यावर उपचारांनी पुन्हा सावध झालेल्या रुग्णांनी सांगितलेले अनुभव, हा तो पुरावा होय. त्याचे मोल किती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अनुभव कसे असतात?

अमेरिकेतील रेमंड मूडी यांनी १९७५ साली 'लाइफ आफ्टर लाइफ' या पुस्तकात असे अनेक अनुभव एकत्र केले, तेव्हापासून या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. आपण देहाबाहेर पडून वरून स्वतःचेच शरीर पाहत आहोत असे वाटणे, अंधाऱ्या वाटेने तेजाकडे जाणे, दिवंगत आप्तांची भेट, सरलेले आयुष्य डोळ्यांपुढून जाणे आणि अपूर्व शांती ही त्यांतील वारंवार आढळणारी लक्षणे होत. सर्वच अनुभव सुखाचे नसतात. काहींना त्या वेळी विलक्षण भीतीही वाटलेली असते.

आपल्या देशातही याचा अभ्यास झाला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील सतवंत पसरीचा आणि अमेरिकेतील इयान स्टीव्हन्सन यांनी भारतातील १६ व्यक्तींच्या हकिकतींवर १९८६ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यांत आढळणारी कथा आपणांस अपरिचित वाटणार नाही. दूत येऊन घेऊन जातात, तेथे कोणी वही उघडून पाहतो, चुकीच्या माणसाला आणल्याचे ध्यानात येते आणि त्यास परत पाठविले जाते. वही पाहणारा म्हटला की आपणांस चित्रगुप्तच आठवतो. अमेरिकेतील हकिकतींत मात्र असे दूत व अशी चूक सहसा आढळत नाही.

यावरून एवढे म्हणता येते की, अनुभव खरोखर आलेला असला तरी त्याला मिळणारे रूप माणसाच्या संस्कारांप्रमाणे पालटते. ज्याने जे बालपणापासून ऐकले, त्याच रंगात त्याला ते दिसते. म्हणून 'अमुक रुग्णाने यमदूत पाहिले, म्हणजे यमलोक सिद्ध झाला' असे घाईने म्हणणे योग्य नव्हे.

वैद्यकीय संशोधन काय सांगते?

नेदरलँड्समधील हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १० रुग्णालयांतील, हृदयक्रिया थांबून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास केला. तो २००१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. त्यांपैकी ६२ जणांना, म्हणजे १८ टक्के रुग्णांना, असा अनुभव आला होता. उरलेल्या २८२ जणांना काहीही आठवत नव्हते. हे आकडे दोन्ही पक्षांना अडचणीत टाकतात. केवळ प्राणवायूच्या अभावाने हे घडत असेल, तर ते बहुतेकांना का घडू नये? आणि आत्मा देहाबाहेर पडल्याने घडत असेल, तर बाकीच्यांना स्मरण का नसावे?

डॉ. सॅम पर्निया यांच्या नेतृत्वाखालील व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक युक्ती योजली होती. रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवून, केवळ वरूनच दिसतील अशी चित्रे त्यांवर ठेवली होती. कोणी खरोखर देहाबाहेर पडून वरून पाहत असेल, तर त्याने ते चित्र सांगावे. परंतु ज्या दोघांनी त्या वेळचे दृश्य पाहिल्याचे सांगितले, त्यांची हृदयक्रिया फळ्या नसलेल्या जागी थांबली होती. त्यामुळे कसोटी अपुरीच राहिली.

दुसऱ्या बाजूस, २००२ साली ओलाफ ब्लँके व सहकाऱ्यांनी अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूतील विशिष्ट भागास सौम्य विद्युत्स्पर्श केला असता, आपण देहाबाहेर तरंगत आहोत असा भास तिला झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका निरीक्षणात, कृत्रिम श्वासयंत्र काढल्यानंतर चारपैकी दोन रुग्णांच्या मेंदूत काही काळ तीव्र हालचाल आढळली. ते रुग्ण पुढे दगावले. त्यांना त्या क्षणी काय जाणवले, हे विचारणे शक्य नव्हते.

सारांश, विज्ञानाने परलोक सिद्ध केलेला नाही आणि खोडूनही काढलेला नाही. शिवाय एक साधी गोष्ट विसरता कामा नये. जे परत आले, त्यांचे मरण पुरते झालेच नव्हते. ते उंबरठ्यापर्यंत गेले. घरात काय आहे, हे उंबरठ्यावरून परतलेल्याने सांगितले तरी ते अर्धेच असणार.

अजामिळाचा प्रश्न

संतांनी ज्याचे नाव वारंवार घेतले, तो अजामिळ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधात त्याची कथा येते. आचारभ्रष्ट झालेल्या या ब्राह्मणाने अंतकाळी यमदूतांना पाहून भयाने आपल्या धाकट्या मुलाला, नारायणाला, हाक मारली. त्या नामासरशी विष्णुदूत आले, दोन्ही दूतांचा संवाद झाला आणि अजामिळ पाशातून सुटला.

ही कथा आपण नाममहिम्यासाठी ऐकतो. परंतु पुढचा भाग बहुधा निसटतो. सावध झाल्यावर अजामिळालाही शंका येते की, हे स्वप्न होते की प्रत्यक्ष पाहिले? आज रुग्णशय्येवर सावध होणारा माणूस हेच विचारतो. अजामिळ मात्र त्या शंकेपाशी थांबून राहिला नाही. आपण कसे जगलो, याचा त्याला पश्चात्ताप झाला. मोह सोडून तो गंगाद्वारी गेला आणि उरलेले आयुष्य त्याने भगवंताकडे लावले.

कठोपनिषदातील नचिकेताही यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहून तीन वर मिळविणारा. त्याचा पहिला वर पाहा. आपण परत जाऊ तेव्हा पित्याचा राग निवळलेला असावा आणि त्याने आपल्याला ओळखावे, एवढेच त्याने मागितले. मृत्यूनंतर मनुष्य असतो की नसतो, हा प्रश्न तिसऱ्या वराचा. त्या प्रश्नाविषयी देवांनाही पूर्वी संशय होता, असे यमच सांगतो. जेथे देवांचाही संशय मान्य केला आहे, तेथे आपला संशय म्हणजे पाप नव्हे.

विशेष म्हणजे व्हॅन लोमेल यांनी २ व ८ वर्षांनंतर पुन्हा चौकशी केली, तेव्हा असा अनुभव आलेल्यांमध्ये मृत्यूचे भय कमी झालेले व इतरांविषयीची आस्था वाढलेली आढळली. त्यांनी काय पाहिले याची खात्री आपणांस देता येत नाही. ते कसे जगू लागले, हे मात्र दिसते.

भाविकांस विनंती

आपल्या घरी कोणी आजारातून उठून असा अनुभव सांगितला, तर त्याची थट्टा करू नये आणि त्याचा चमत्कार म्हणून गाजावाजाही करू नये. शांतपणे ऐकून घ्यावे. अनुभव भीतीचा असेल, तर तो पापाचा पुरावा समजू नये. अशा माणसास अधिक धीर द्यावा व डॉक्टरांनाही सांगावे.

आता त्या माउलीचा प्रश्न. 'पोहोचते' असे मी श्रद्धेने म्हणतो; त्याचा पुरावा माझ्यापाशी नाही आणि पावतीवर तो लिहून देता येत नाही. परंतु आपण दिलेले अन्न आज दुपारच्या पंगतीत बसलेल्या भुकेल्या माणसापर्यंत पोहोचते, हे मी रोज पाहतो. गेलेल्या माणसाच्या नावाने एक जिवंत माणूस तृप्त होऊन उठतो. आपण महाप्रसादासाठी थांबलात, तर तेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जावे.

मननासाठी

१. आज आयुष्य परत मिळाले असे समजलो, तर प्रथम कोणाशी समेट करावा लागेल?

२. दिवंगताच्या नावाने करावयाचे कोणते कार्य त्याच्या हयातीतच करता आले असते?

३. हयात असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी ते आजच करता येईल काय?

॥ शुभं भवतु ॥