सातबाऱ्याचे कोरे पान

मृगाची चाहूल लागली, की वऱ्हाडातील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात आणि पाय बँकेकडे वळतात. पीककर्ज हवे, तर सातबारा हवा. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा ह्यांचा एकत्र उतारा होय. जमीन कोणाच्या नावावर आहे हे पहिल्यात असते. तीत कोणते पीक घेतले हे दुसऱ्यात. आमच्या लहानपणी तलाठी आपल्या दप्तरातून हा उतारा हाताने उतरवून देत. ते परगावी असले, की दुसरी खेप ठरलेली! १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर मिळू लागला.

मुलांनो, मूर्तिजापूर तालुक्यातील एखाद्या शेताचा उतारा पाहावयाचा आहे, असे समजा. प्रथम जिल्हा अकोला निवडावयाचा, मग तालुका, गाव आणि शेवटी गट क्रमांक. थोड्याच वेळात पडद्यावर उतारा उमटतो. तुम्हांस वाटेल, प्रत्येक शेताचे एकेक पान कोणी तयार करून ठेवले असेल. तसे मुळीच नाही. पान एकच असते, आणि तेही कोरे.

अशा पानाची चौकट संकेतस्थळ रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आखतात. वर गाव, खाली खातेदार, शेजारी क्षेत्र. रचणारा तेथे कोणाचेही नाव लिहीत नाही. कोणत्या मोकळ्या जागी कोठारातील कोणता रकाना यावा, एवढेच तो सांगून ठेवतो. हे कोठार म्हणजे डेटाबेस. त्यातील माहिती तक्त्यांत मांडून ठेवलेली असते; ही रीत एडगर कॉड ह्या संगणकशास्त्रज्ञाने १९७० साली सुचविली. तुम्ही गट क्रमांक लिहिताच सर्व्हरवरील प्रोग्राम कोठारास विचारतो, ‘ह्या गावातील ह्या गटाच्या ओळी कोणत्या?’ उत्तर येते, मोकळ्या जागा भरतात आणि भरलेले पान तुमच्यापुढे येते. कोठाराचा परवलीचा शब्द मात्र सर्व्हरपाशीच राहावा लागतो. तो पानावर लिहिणे म्हणजे कुलूप लावून किल्ली त्यालाच टांगणे होय! शिवाय एखादा खोडसाळ मनुष्य गट क्रमांकाच्या जागी कोठारालाच हुकूम लिहून पाठवील; म्हणून आलेला मजकूर आधी पारखून घेतात.

पान कितीही सुबक असो, कोठारात असेल तेच ते दाखविते. एका वर्षी आमच्या शेताच्या उताऱ्यात माझ्या वडिलांच्या नावातील एक काना गळालेला दिसला. हस्तलिखितावरून संगणकात उतरविताना कोणाची तरी नजर चुकली असावी. मी पान पुन्हा काढले, दुसऱ्या संगणकावर काढले. काना काही येईना. बँकेत अर्ज बाजूला पडला आणि पेरणी तर तोंडावर आलेली. अखेर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५५ अन्वये दुरुस्तीचा अर्ज केला. जुनी वही उघडली गेली, आणि कोठारातील त्या एका ओळीत काना बसविण्यात आला. पानास कोणी हातही लावला नव्हता. मी पुन्हा तोच गट क्रमांक लिहिला, आणि वडिलांचे नाव पूर्ण उमटले. शेजारच्या वावरात तोवर तिफण चालू लागली होती.