‘प्रकृती कशी आहे?’ : वृद्धांच्या उत्तराचा अर्थ

‘प्रकृती कशी आहे?’ हा प्रश्न वृद्धांना घरोघरी विचारला जातो. परंतु त्यांच्या उत्तराकडे क्वचितच गांभीर्याने पाहिले जाते. वस्तुतः ते उत्तर मोलाचे असते. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातील वृद्धांविषयीचा एक अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. स्वतःची प्रकृती वाईट आहे असे सांगणाऱ्यांमध्ये पुढील काळात मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात आढळून आले. वैद्यकीय नोंदी जमेस धरल्यानंतरही हा फरक राहिला. १९९७ साली अशा २७ अभ्यासांचा आढावा घेण्यात आला, तेव्हाही बहुतेकांतून हाच निष्कर्ष निघाला.

स्वभावाचा वाटा

एकच दुखणे दोन व्यक्तींना सारखे जाणवत नाही. चिंताग्रस्त स्वभावाच्या माणसाला किरकोळ त्रासही मोठा वाटतो. नियमित व शिस्तप्रिय माणूस औषधपाणी व आहार सांभाळतो आणि आपल्या प्रकृतीविषयी समाधानी असतो. याउलट, सोशिक स्वभावाची वृद्धा गंभीर दुखणेही ‘चालायचेच’ म्हणून अंगावर काढते. तेव्हा तक्रारखोराची तक्रार खोटी मानू नये, तसेच अबोल माणसाचे मौन हे आरोग्याचे लक्षण समजू नये.

परिस्थितीचा वाटा

स्वभाव सहसा पालटत नाही. परिस्थिती मात्र पालटता येते. जोडीदाराचा वियोग, शहरात गेलेली मुले, स्वतःच्या हाती पैसा नसणे, घरातील निर्णयांत विचारणा न होणे, यांमुळे माणूस आतून खचतो आणि गुडघेदुखीही असह्य होते. पारावरची बैठक, भजनी मंडळ, नातवंडांचा अभ्यास यांसारख्या गोष्टींनी आपली अद्याप गरज आहे, ही भावना टिकून राहते.

गावपातळीवरील कर्तव्य

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या एक कोटीहून अधिक होती. त्यांच्यासाठी गावाला पुष्कळ काही करता येईल. पंचायत सदस्यांनी एकाकी वृद्धांची यादी करावी व निवृत्तिवेतनास पात्र व्यक्तींचे अर्ज भरून घ्यावेत. पालकांची उपेक्षा होत असल्यास २००७ च्या अधिनियमान्वये निर्वाहाची मागणी करता येते, ही माहिती त्यांना द्यावी. शिक्षकांनी वृद्धांना शाळेत बोलावून गावाचा इतिहास मुलांना सांगावयास लावावे.

‘वयच झाले’ असे म्हणून वृद्धांची तक्रार झटकून टाकणे सोपे आहे. परंतु त्या शब्दांनी उपचार करता येण्याजोगे दुखणे आणि दूर करता येण्याजोगे एकाकीपण, दोन्ही दुर्लक्षित राहतात.