काम जाते, शिक्षण सोबत राहते



मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आपल्याला परिचित आहे. दिवस मावळायला आला तरी काही माणसे बाजारात उभीच आहेत. ती आळशी नाहीत. त्यांना कोणी कामावर बोलावलेले नाही. सोलापुरात सकाळी मजूर अड्ड्यावरून जाताना मला तीच माणसे दिसतात. काम गेल्यावर एकाला दुसरे बरे काम मिळते आणि दुसऱ्याला का मिळत नाही, याचा आज विचार करू.

हा प्रश्न आपल्या शहराला नवा नाही. १८७७ मध्ये येथे जुनी गिरणी सुरू झाली. ज्या जमातींना ब्रिटिश कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, त्यांना येथे तारेच्या कुंपणातील सेटलमेंटमध्ये ठेवले जाई. त्या सेटलमेंटची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती आणि तेथील माणसे गिरण्यांत कामाला जात. १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली. बेकारी एवढी वाढली की १९५० मध्ये केंद्र सरकारला वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घ्यावा लागला. १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. कुंपण गेले, पण रोजगाराची शाश्वती आली नाही.

आमच्या ओळखीच्या पारधी वस्तीतील दोन भाऊ टॉवेलच्या एकाच कारखान्यात होते. दोघांचा हात सारखाच चांगला. कारखाना बंद झाला. धाकटा दहावी झालेला; त्याला सुताच्या गोदामात वजन आणि नोंदी करण्याचे काम मिळाले. पगार पूर्वीपेक्षा कमी, पण महिन्याच्या महिन्याला मिळतो. थोरल्याने चौथीत शाळा सोडली होती. त्याने मुकादमाकडून उचल घेतली आणि बायकोसह ऊसतोडीला गेला. मजुरी टनावर, आणि तीही आधी उचलीत वळती होते. पाचवीतली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला त्यांच्याबरोबर गेली.

मागावरचे कौशल्य मागापाशीच राहते. लिहिणे-वाचणे आणि हिशोब माणसाबरोबर पुढच्या दारापर्यंत जातात. शिक्षणाने सगळे नुकसान भरून येते असे मात्र नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की जुनी नोकरी गमावलेल्या कामगारांची कमाई कित्येक वर्षांनंतरही सुमारे २५ टक्के कमीच होती. आपल्या लोकांना तर जातीचा दाखला नसणे आणि संशयाची नजर हेही आडवे येते.

म्हणून सगळ्यात मोठे नुकसान बापाच्या मजुरीचे नसते. बापाचे काम गेले की मुलीची शाळा जाते, आणि तिथेच तिची उद्याची मजुरी ठरून जाते. ही साखळी तोडायची तर मदत त्या चार-सहा महिन्यांतच पोहोचली पाहिजे.

विचार व प्रार्थनेसाठी:
१. आपल्या मंडळीच्या परिसरात कोणाचे काम गेले आहे? त्यांची मुले आज शाळेत आहेत का?
२. हंगामी वसतिगृह किंवा आजीजवळ राहून मूल शिकावे म्हणून आपण काय देऊ शकतो?
३. दाखल्यासाठी कोणाबरोबर कचेरीत जायला आपण एक दिवस काढू का?