जुना मल्चिंग पेपर बांधावर टाकू नका

कलिंगड किंवा मिरची निघाली की मल्चिंग पेपर ओढून बांधावर ढीग लावला जातो. शेत स्वच्छ झाले, असे आपण धरून चालतो. पावसाळ्यात हाच पेपर ओढ्यातून नदीत जातो. गोदावरी-कृष्णेचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळते, तापीचे अरबी समुद्राला. प्लास्टिक कुजत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात व माशांच्या पोटात जातात.

पेपर वाफशावर काढावा, म्हणजे कमी फाटतो. माती झटकून, वाळवून गुंडाळी करावी. मातीने भरलेला पेपर भंगारवाला घेत नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या वेगळ्या बांधाव्यात, त्यांना भाव मिळतो. जाळू मात्र काहीच नये.

हा माल वेचून, निवडून कारखान्यापर्यंत पोचतो तो कचरावेचकांमुळे. त्यांत महिलाच अधिक. पुण्यात १९९३ साली या कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. त्यांना हलके लेखणारे आपल्यातही आहेत. पुष्कळ जणी उघड्या हातांनी माल निवडतात. म्हणून कीटकनाशकाची बाटली भंगारात कधीही देऊ नये. फवारणीच्या वेळीच ती तीनदा विसळून पाणी पंपात ओतावे, बाटलीला भोक पाडावे आणि ती परत घेण्याची सोय विक्रेत्याकडे विचारावी.