सागरतळाचे दर्शन : जागा कोणती, वेळ कोणती?

मालवणच्या किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर, कुरटे बेटावर, सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये या जलदुर्गाची पायाभरणी केली. भोवतालच्या पाण्यात दडलेले खडक ही या बेटाची नैसर्गिक तटबंदीच होती. शत्रूच्या गलबतांना अडविणारे हेच खडक प्रवाळांचे आणि रंगीबेरंगी माशांचे आश्रयस्थान आहेत. १९८७ मध्ये येथील सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. सिंधुदुर्ग व पद्मगड यांचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो.

हे वैभव पाण्यावर तरंगत पाहण्याच्या प्रकाराला स्नॉर्केलिंग म्हणतात. पर्यटकाचा पहिला प्रश्न, ‘सर्वांत सुंदर जागा कोणती?’ असा असतो. वास्तविक तो, ‘आज, या घटकेला, या माणसाला कोठे उतरता येईल?’ असा असावयास हवा. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ सागरतळ पाहून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. पावसाळा तोंडावर आला की हा समुद्र किती लवकर पालटतो, याचे स्मरण ही घटना देत राहील.

साधन आणि त्याची मर्यादा

डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरावयाची हातभराहून आखूड नळी आणि तरंगण्यासाठी जीवरक्षक जाकीट, एवढीच ही सामग्री. नळी लांब करून खोल जाता येत नाही. लांब नळीत उच्छ्वासाची अशुद्ध हवाच पुन्हा आत येते आणि पाण्याचा दाब छातीला फुगू देत नाही. म्हणून तळ दोन-तीन मीटरांवर असेल आणि पाणी स्वच्छ असेल, तेथेच या साधनाचा खरा उपयोग होतो. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या आंग्रिया बँकेवरील प्रवाळ विख्यात आहेत. परंतु त्यांचा माथाच सुमारे वीस मीटर खोल असल्याने ते स्नॉर्केलिंगचे क्षेत्र नव्हे.

वेळेची निवड

सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे मंद असतात व किनाऱ्याजवळचे पाणी शांत राहते. दुपारी खारे वारे सुटले की लाटा उठतात, नळीत पाणी शिरते आणि नवशिका घाबरतो. सकाळची वेळ त्यामुळे श्रेयस्कर होय. मात्र मतलई वारा आणि ओहोटी एकाच वेळी असल्यास तरंगणारा माणूस नकळत किनाऱ्यापासून दूर जातो, याचा विसर पडू नये.

दक्षिणेस देवबागजवळ कर्ली नदी समुद्रास मिळते, तर उत्तरेस कोळंबची खाडी आहे. ओहोटीबरोबर खाडीचे गढूळ पाणी बाहेर पडते. भरतीबरोबर समुद्राचे स्वच्छ पाणी आत येते. म्हणून भरती पूर्ण होण्यापूर्वीचा तास आणि त्यानंतर पाणी स्थिरावते ती अर्धी घटका दर्शनासाठी उत्तम.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील दर्यावर्दींचा आडाखा सोपा आहे : तिथीची पाऊणपट करावी. दशमीस साडेसात, एकादशीस सव्वाआठ, द्वादशीस नऊ. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते व पाण्याची ओढ वाढते. अष्टमीनंतर भांगाची भरती असते व ओढ कमी होते. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहता, दोन्ही पक्षांतील दशमी ते द्वादशी हे दिवस सोयीचे ठरतात, कारण त्या वेळी भरती सकाळी पूर्ण होते आणि उधाणही दूर असते. हा हिशेब स्थूल आहे. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत.

जागांची प्रतवारी

पहिली पायरी : ज्याने मुखवटा कधी लावलेला नाही, त्याने प्रथम पोहण्याच्या तलावात किंवा कंबरभर स्थिर पाण्यात सराव करावा. नळीत शिरलेले पाणी जोराने फुंकून बाहेर टाकता येणे आणि न घाबरता दहा मिनिटे तरंगता येणे, ही या पायरीची परीक्षा होय.

दुसरी पायरी : ही परीक्षा उतरलेल्यांसाठी किल्ल्याच्या आडोशाचे, जमिनीकडील उथळ पाणी योग्य. खुल्या समुद्राच्या लाटा तेथे किल्ल्यामुळे अडतात. परंतु किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांचा मार्ग टाळावा. पाण्यातील डोके नाविकास सहज दिसत नाही. दोन खडकांमधील अरुंद पाण्यात ओढ वाढते, तेथे वाटाड्याशिवाय जाऊ नये.

तिसरी पायरी : किल्ल्याची पश्चिम बाजू खुल्या समुद्रास सामोरी आहे. तेथे लाट खडकावर आपटून परतते. पट्टीच्या पोहणाऱ्यानेच, निवांत दिवशी, नौका जवळ उभी ठेवून तेथे उतरावे. वेंगुर्ल्यासमोरील बर्न्ट आयलंड्सच्या खडकांनाही हाच नियम अधिक कठोरपणे लागू आहे.

कर्ली नदीचे मुख कोणत्याही पायरीत बसत नाही. गढूळ पाणी आणि जोराचा प्रवाह यांमुळे ती जागा वर्ज्यच समजावी.

गट असेल तर जागा त्यातील सर्वांत कच्च्या पोहणाऱ्याच्या मानाने ठरवावी.

प्रवाळांची निगा

प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते सजीवांचे वसतिस्थान आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने दगडी प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे. थकलेला नवशिका आधारासाठी त्यांच्यावरच उभा राहतो; त्याचा पाय कापतो आणि अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते. चुकीची जागा निवडल्याने माणूस आणि प्रवाळ या दोघांचीही हानी होते. नौकांनी प्रवाळांवर नांगर टाकू नये आणि माशांना पाव, बिस्किटे घालू नयेत.

पंचायतींचे कार्य

किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी रोजची तिथी, भरतीची वेळ, वारा आणि ‘आज कोणत्या पायरीपर्यंत परवानगी’ हे एका फलकावर लिहिल्यास मोठे काम होईल. त्यासाठी खर्च अल्प आहे, आणि लागणारे ज्ञान गावातील मच्छीमारांजवळ आहेच. शाळेतील विद्यार्थ्यांकडून हा फलक लिहून घेतल्यास भूगोलाचा धडाही प्रत्यक्षात उतरेल. ज्या दिवशी फलकावर ‘आज पाण्यात उतरू नये’ असे लिहावे लागेल, त्या दिवशी पर्यटकाच्या आग्रहापुढे व त्या दिवसाच्या मिळकतीपुढे न नमता तो शब्द पाळणे, हीच या व्यवस्थेची खरी कसोटी होय.